एआय साधनांची पारख, वर्गातील तास आणि परिषदेतील व्याख्यान : डेव्हलपरने एकच विषय तिन्ही ठिकाणी कसा न्यावा

नोकरी सांभाळून परिषदांत बोलणारे, महाविद्यालयांत जाऊन शिकवणारे आणि सतत येणारी नवी एआय साधने वापरून पाहणारे डेव्हलपर आता पुण्या-मुंबईबाहेरही, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत भेटतात. ही तीन कामे तीन वेगळ्या आघाड्यांवर चालवली, तर वेळ पुरत नाही आणि कोणतेच काम मनासारखे होत नाही. माझ्या मते त्यावर उपाय एकच आहे. आपल्या रोजच्या कामातला एक अडलेला प्रश्न घ्यावा, त्यावर एआय साधने तपासावीत, तो प्रश्न विद्यार्थ्यांना शिकवावा आणि मगच तो परिषदेत मांडावा. हा क्रम सहसा उलटा करू नये. साधन तपासताना उत्तरातली चूक दिसते, शिकवताना आपल्या समजुतीतली चूक दिसते, आणि परिषदेत उभे राहण्यापूर्वी या दोन्ही चुका दुरुस्त झालेल्या असणे श्रोत्यांच्या वेळेच्या दृष्टीने आवश्यक असते.

ही पद्धत नुसती सांगून समजणार नाही, म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मराठी मजकूर शोधताना येणारी ही अडचण आहे आणि मराठीत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामरला ती कधी ना कधी भेटते.

विषय कसा निवडावा

विषय निवडताना पहिली अट अशी की त्याचे बरोबर उत्तर आपल्याला स्वतःच्या हाताने पडताळता आले पाहिजे. 'एआयमुळे प्रोग्रामिंग कसे बदलेल' हा विषय मोठा वाटतो, परंतु त्यात पडताळण्याजोगे काही नसल्याने व्याख्यान मतांवरच संपते. याउलट 'तालुक्यांच्या यादीत कऱ्हाड शोधले तर अर्ध्याच नोंदी का सापडतात' हा प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर कोणालाही आपल्या संगणकावर तपासून पाहता येते.

या प्रश्नाचे मूळ 'दऱ्या', 'कऱ्हाड', 'दुसऱ्या' अशा शब्दांतील अर्ध्या र मध्ये आहे. य किंवा ह यांच्या आधी येणारे हे आडवे चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साध्या र ला नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) आणि मग हलन्त जोडतात. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारे चिन्ह येते. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून हा तिसरा प्रकार अजूनही मान्य आहे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पायथनला विचारले तर पहिल्या प्रकारच्या 'दऱ्या'ची लांबी ५ येते आणि उरलेल्या दोन्हींची ६ येते, त्यामुळे बरोबरीची तुलना केली असता संगणक हे तीन वेगळे शब्द मानतो. कोणता मजकूर कोणत्या प्रकारात साठवला गेला आहे, हे टंकलेखनासाठी वापरलेल्या कीबोर्डवर आणि जुन्या फाँटमधून मजकूर बदलणाऱ्या साधनावर अवलंबून असते. म्हणून एकाच कार्यालयाच्या यादीतही दोन्ही-तिन्ही रूपे मिसळलेली सापडू शकतात.

असा विषय हाताशी असला की पुढची तिन्ही कामे आपोआप एकमेकांना जोडली जातात. ज्यांचे काम बँकिंग, शेती किंवा दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांनी आपल्या क्षेत्रातला असाच लहान, टोकदार आणि पडताळता येणारा प्रश्न निवडावा.

एआय साधन तपासण्याची रीत

एआय साधनांची ओळख बहुतेकांना प्रात्यक्षिकांच्या व्हिडिओंतून होते, आणि व्हिडिओत साधन नेहमीच यशस्वी होते. गिटहब कोपायलट जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, आणि तेव्हापासून या साधनांच्या गुणांकनाचे तक्ते सतत प्रसिद्ध होत असतात. कोड लिहिण्याची क्षमता मोजणारा 'ह्यूमनइव्हॅल' हा २०२१ मधील संच १६४ प्रश्नांचा आहे. असे संच तुलनेसाठी उपयोगी असले, तरी त्यांचे प्रश्न सर्वांसमोर असल्याने ते मॉडेलच्या, म्हणजे साधनामागच्या एआय प्रणालीच्या, प्रशिक्षणात आलेच नसतील याची खात्री देता येत नाही, शिवाय आपल्या कामातले प्रश्न त्यात नसतात. म्हणून प्रत्येकाने स्वतःचा छोटा संच तयार करावा.

संच करताना प्रश्नाच्या आधी चाचण्या, म्हणजे उत्तर बरोबर आहे का हे तपासणारे छोटे कोड, लिहाव्यात. आपल्या उदाहरणात पहिली चाचणी अशी असेल की 'दऱ्या' या शब्दाची तिन्ही रूपे शुद्धीकरणानंतर (एकाच रूपात आणल्यावर) एकसारखी झाली पाहिजेत. दुसरी चाचणी त्याहून महत्त्वाची आहे : 'दर्या' हा शब्द मात्र 'दऱ्या'पासून वेगळाच राहिला पाहिजे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हेही वेगळे राहिले पाहिजेत, कारण एकाला शिकवायचे आहे आणि दुसऱ्याला स्वयंपाक करायचा आहे. या चाचण्या आपण हाताने लिहून, चालवून, त्यांतली पहिली आधी अपयशी ठरते हे पाहून ठेवावे आणि नंतरच साधनाकडे वळावे. आधी उत्तर पाहिले तर चाचण्या नकळत त्या उत्तराला सोयीच्या लिहिल्या जातात.

आता साधनाला प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर न वाचता आधी चालवावे. या प्रश्नावर जी उत्तरे सहज सुचतात, त्यांपैकी दोन मुद्दाम तपासण्यासारखी आहेत. पहिले उत्तर पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन 'एनएफसी' प्रकाराने, म्हणजे सुटी चिन्हे शक्य तेथे एकत्र रूपात आणणाऱ्या प्रकाराने, वापरावे असे सांगते. हे उत्तर जाणकाराचे वाटते आणि अर्धे बरोबरही आहे, कारण र आणि नुक्ता यांचे एकत्र रूप ऱ होते आणि दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. परंतु न दिसणाऱ्या जॉइनरचा तिसरा प्रकार जसाच्या तसा राहतो आणि पहिली चाचणी अपयशीच ठरते. दुसरे उत्तर सर्व न दिसणारी चिन्हे पुसून टाकण्यास सांगते. ते चालवले की 'दऱ्या'मधला जॉइनर जातो, उरलेला र आणि हलन्त रफार बनतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. म्हणजे शोध सुधारण्याऐवजी माहितीच बिघडते, आणि हे बिघडणे कोणत्याही त्रुटीच्या संदेशाशिवाय घडते. योग्य उपाय असा आहे की र, हलन्त आणि जॉइनर हे तिघे त्याच क्रमाने आले तर आधी त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावेत आणि मग एनएफसी करावे. इतर ठिकाणचे जॉइनर काढायचे की ठेवायचे, याचा निर्णय त्यानंतर स्वतंत्रपणे घ्यावा.

या दोन उत्तरांत शिकण्यासारखे बरेच आहे. दोन्ही उत्तरे नीटनेटक्या भाषेत मांडता येतात, आणि चाचण्या हाताशी नसतील तर घातक असलेले उत्तरही यशस्वी दिसण्याचा धोका असतो. साधनाच्या उत्तरातील आत्मविश्वास हा त्याच्या अचूकतेचा पुरावा मानू नये, हे वाक्य अनेकदा ऐकलेले असते, परंतु अशा एका चाचणीने ते खरोखर पटते.

प्रत्येक प्रयोगाची नोंद तक्त्यात ठेवावी. त्यात मॉडेलचे पूर्ण नाव व आवृत्ती, तारीख, विचारलेला प्रश्न अक्षरशः, कोणत्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या आणि उत्तर वापरण्याजोगे करायला आपला किती वेळ गेला, एवढे रकाने पुरतात. एकाच प्रश्नाला तेच मॉडेल वेगवेगळी उत्तरे देते, म्हणून प्रत्येक प्रश्न नव्या संवादात किमान पाच वेळा विचारावा. वेळेचा रकाना टाळण्याचा मोह होतो, पण तो टाळू नये. एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी मुक्तस्रोत डेव्हलपरांना त्यांच्या स्वतःच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली होती. एआय साधने वापरण्याची मुभा असलेल्या कामांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही आपले काम २० टक्के लवकर झाले असे त्या डेव्हलपरांना वाटत होते. हा निष्कर्ष त्या काळातील साधनांपुरता आणि त्या मोठ्या, परिचित प्रकल्पांपुरता आहे, त्यामुळे तो सर्वत्र लावता येणार नाही. मात्र आपल्या वेगाचा आपलाच अंदाज किती चुकू शकतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

मराठी मजकुरावर काम करताना खर्चाचाही हिशेब वेगळा असतो. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तर इंग्रजी अक्षराला एक. मॉडेल मजकुराचे जे टोकन, म्हणजे छोटे तुकडे, करतात, त्यांची संख्या मॉडेलनुसार बदलते, परंतु त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा मराठीला सामान्यतः अधिक टोकन लागतात. म्हणजे पैसे अधिक आणि एका वेळी मावणारा मजकूर कमी. कोणतेही साधन मोठ्या कामासाठी निवडण्यापूर्वी आपल्या खऱ्या मजकुरातील शंभर ओळींचे टोकन मोजून पाहावेत.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. ग्राहकाचा कोड, पासवर्ड आणि एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) बाहेरच्या सेवेत पेस्ट करू नयेत आणि आपल्या कंपनीचे याविषयीचे धोरण लेखी मागून घ्यावे. साधनाने सुचवलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, 'पायपीआय' या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक संग्रहात खरोखर आहे का, ती कोणाची आहे आणि किती जुनी आहे, हे पाहिल्याशिवाय ती बसवू नये, कारण मॉडेल अस्तित्वात नसलेली नावेही सुचवतात आणि त्याच नावाने घातक पॅकेज चढवून ठेवण्याचे प्रकार होऊ शकतात. आणि ज्या माहितीत खऱ्या व्यक्तींची नावे आहेत, ती प्रयोगासाठी वापरू नये. मराठी मजकूर हवाच असेल तर पुण्याच्या एल३क्यूब गटाने मराठीसाठी तयार करून खुले केलेले संच उपलब्ध आहेत.

वर्गात शिकवताना

महाविद्यालयातील कार्यशाळेचे खरे काम आदल्या आठवड्यात सुरू होते. प्रयोगशाळेतील संगणकांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे, पायथनची कोणती आवृत्ती आहे, सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि चाळीस मुलांनी एकदम इंटरनेट वापरले तर काय होते, हे चार प्रश्न विभागप्रमुखांऐवजी लॅब असिस्टंटना विचारावेत. उत्तरे त्यांच्याकडेच असतात. इंटरनेटवर भरवसा ठेवू नये. लागणाऱ्या लायब्ररींच्या फाइल 'पिप डाउनलोड' या आज्ञेने आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि प्रयोगशाळेत त्या फोल्डरमधूनच बसवाव्यात. मात्र उतरवताना संगणकाचा प्रकार आणि पायथनची आवृत्ती प्रयोगशाळेसारखीच असली पाहिजे, अन्यथा फाइल असूनही बसत नाहीत. एआय साधन दाखवायचे असेल तर 'ओलामा'सारख्या प्रणालीतून संगणकावरच चालणारे छोटे मॉडेल घेता येते. आठ अब्ज पॅरामीटरचे, म्हणजे प्रशिक्षणात ठरलेल्या तितक्या आकड्यांचे, मॉडेल प्रत्येक आकडा चार बिटांत आकसून घेतले तर सुमारे ५ जीबी जागा लागते, आणि ८ जीबी मेमरीच्या संगणकावर ते रडतखडत चालते. जुन्या संगणकांसाठी एक ते तीन अब्ज पॅरामीटरचे मॉडेल बरे पडते. ते अधिक चुकते, आणि आपल्या हेतूसाठी ते चालते.

तारीख ठरवताना विद्यापीठाचे वेळापत्रक पाहावे. सबमिशन आणि तोंडी परीक्षांच्या दिवसांत विद्यार्थी हजर राहिले तरी त्यांचे लक्ष नसते. सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात तो काळ सर्वांत चांगला.

शिकवण्याची भाषा मराठी ठेवावी आणि लूप, फंक्शन, स्ट्रिंग हे शब्द तसेच ठेवावेत. मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प हीच रीत वापरतो. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. त्यामुळे विद्यार्थ्याला समजते स्वतःच्या भाषेत आणि त्याच वेळी तो पुढे ज्या पडद्यावर काम करणार आहे त्याचीही सवय होते. ज्या मुलामुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले आहे, त्यांनी प्रश्न विचारावेत असे वाटत असेल तर पहिला प्रश्न मराठीत विचारला जाईल असे वातावरण शिक्षकाने स्वतः करावे लागते.

कोड आधीच लिहून आणलेल्या स्लाइडवरून शिकवू नये. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री' या उपक्रमाने रुजवलेल्या दोन सवयी मला फार उपयोगी वाटतात. एक म्हणजे शिक्षकाने सर्वांसमोर कोड टाइप करत जावे, म्हणजे वेग आपोआप विद्यार्थ्यांच्या वेगाइतका राहतो आणि टाइप करताना झालेली चूक कशी शोधायची तेही दिसते. दुसरी म्हणजे प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या द्याव्यात : काम झाले की एक रंग संगणकावर लावायचा, अडले की दुसरा. हात वर करायला संकोचणारी मुले चिठ्ठी मात्र लावतात, आणि शिक्षकाला वर्गाकडे एक नजर टाकून पुढे जायचे की थांबायचे हे ठरवता येते.

आपल्या उदाहरणाचा तास असा घेता येईल. सुरुवातीला फळ्यावर 'महाराष्ट्र' हा शब्द लिहावा आणि त्यात किती अक्षरे आहेत हे प्रत्येकाने वहीत लिहावे. बहुतेक जण ४ लिहितील. मग पायथनच्या 'लेन' फंक्शनला विचारावे, ते १० सांगते, कारण ते काना, हलन्त यांसह प्रत्येक युनिकोड चिन्ह वेगळे मोजते. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये बदलून बाइट मोजले तर ३० येतात. यानंतर 'रेजेक्स' ही लायब्ररी वापरून अक्षरगट, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारे चिन्हसमूह, मोजावेत. येथे उत्तर ४ किंवा ६ येऊ शकते, कारण जोडाक्षर एकच गट मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ मधील आवृत्तीत आला आणि लायब्ररीची प्रत त्याआधीची असेल तर ष्ट्रचे तीन तुकडे होतात. एका शब्दाची चार उत्तरे आणि प्रत्येक उत्तर कोणत्या तरी व्याख्येने बरोबर, हे कळल्यावर 'लांबी' या साध्या वाटणाऱ्या कल्पनेकडे विद्यार्थी वेगळ्या नजरेने पाहू लागतात. प्रत्येक पायरीला आधी अंदाज लिहायचा आणि मगच कोड चालवायचा, हा नियम मोडू देऊ नये. अंदाज चुकला तरच उत्तर लक्षात राहते.

एआय साधन तासाच्या उत्तरार्धात आणावे. आधी विद्यार्थ्यांनी 'दऱ्या'च्या चाचण्या स्वतः लिहाव्यात, मग साधनाला विचारावे, आणि मिळालेले उत्तर कोणत्या चाचणीत अपयशी ठरते ते जोडीने शोधावे. गुण द्यायचे असतील तर ते कोडला न देता, उत्तर कोठे चुकते हे दाखवणाऱ्या चाचणीला द्यावेत. साधनावर बंदी घालणारे शिक्षक मला भेटतात आणि त्यांची काळजी खरी आहे, कारण पहिल्या वर्षातच तयार कोड मिळाला तर लूपसुद्धा डोक्यात बसत नाही. तरीही बंदी घरी पाळली जात नाही. त्यापेक्षा साधनाचे उत्तर चुकीचे ठरवण्याचे काम वर्गात दिले, तर तो विद्यार्थी नियम, व्याख्या आणि अपवाद या तिन्हींच्या जवळ पोहोचतो.

तास संपताना विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न लिहून घ्यावेत, विशेषतः ज्यांचे उत्तर देता आले नाही ते. 'मोबाइलवर टाइप केलेला ऱ्य कोणत्या प्रकारचा असतो?', 'मतदार यादीत असे झाले तर?', 'कोकणीसाठीही हेच लागू पडते का?' असे प्रश्न येतात आणि परिषदेतील व्याख्यानाचा अर्धा आराखडा त्यांतूनच तयार होतो.

परिषदेकडे जाताना

पहिले व्याख्यान मोठ्या परिषदेत देण्याची घाई नसावी. शहरातील पायथन गट, मुक्तस्रोत गट किंवा 'फॉस युनायटेड' या मुक्तस्रोत संस्थेच्या शहरवार भेटी येथे वीस-तीस लोकांसमोर बोलून पाहावे. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेतील विद्यार्थ्यांनी भरवलेली 'ग्नुनिफाय' ही परिषद अनेकांच्या पहिल्या व्याख्यानाची जागा ठरली आहे. 'पायकॉन इंडिया' ही पायथनची परिषद २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली, २०११ मध्ये ती पुण्यात भरली आणि पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरत राहिली. ती वर्षाच्या उत्तरार्धात होते, परंतु प्रस्ताव काही महिने आधी मागवले जातात. म्हणून पावसाळ्याच्या आधीच विषय, तक्ता आणि एका कार्यशाळेचा अनुभव हाताशी असावा.

प्रस्ताव वाचणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांच्यासमोर शेकडो प्रस्ताव असू शकतात. त्यांना पहिल्या तीन ओळींत हे कळले पाहिजे की प्रश्न कोणता, तो कोणाला पडतो आणि ऐकणाऱ्याला जाताना काय करता येईल. त्यानंतर मिनिटांसह आराखडा द्यावा. पंचवीस मिनिटांच्या व्याख्यानासाठी आपल्या उदाहरणाचा आराखडा असा होईल : न सापडणाऱ्या नोंदींचे प्रात्यक्षिक ३ मिनिटे, तीन रूपांचे स्पष्टीकरण ६ मिनिटे, एआय साधनांची दोन उत्तरे आणि ती कोठे पडतात ८ मिनिटे, योग्य उपाय आणि चाचण्या ५ मिनिटे, इतर भारतीय लिप्यांसाठी काय तपासावे ३ मिनिटे. असा आराखडा देणाऱ्याने विषयाचा विचार केला आहे हे निवड करणाऱ्याला लगेच दिसते. प्रस्ताव एआयकडून लिहून घेऊ नये. भाषा तपासायला मदत घ्यावी, मात्र मांडणी आपली ठेवावी, कारण साधनाने लिहिलेले प्रस्ताव एकमेकांसारखेच वाचतात आणि गर्दीत हरवतात. प्रस्ताव नाकारला गेला तर अभिप्राय मागावा, तो मिळाला तर त्यानुसार बदल करावा आणि दुसऱ्या परिषदेकडे पाठवावा.

नोकरीत असलेल्यांनी व्याख्यानापूर्वी कंपनीची परवानगी ईमेलवर घ्यावी. कामातला कोड, आकडे किंवा ग्राहकाचे नाव स्लाइडवर येणार नसेल तरीही ती घ्यावी, कारण व्याख्यानाचे चित्रण सार्वजनिक होते. प्रवासखर्च परवडत नसेल तर आर्थिक साहाय्याचा अर्ज करावा. अनेक परिषदांत तशी सोय असते आणि तिची मुदत बहुधा व्याख्यानाच्या निवडीशी जोडलेली असते. परदेशी परिषदेसाठी निवड होताच आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवून व्हिसाची प्रक्रिया सुरू करावी.

स्लाइडवरच्या देवनागरीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सभागृहातील संगणकावर आपला फाँट नसेल तर जोडाक्षरे तुटतात, आणि जोडाक्षरांवरच बोलायचे असताना तसे झाले तर सगळे व्याख्यान फसते. म्हणून 'नोटो सान्स देवनागरी' किंवा मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' असा खुला फाँट वापरावा आणि फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ प्रत सोबत ठेवावी. अनेक टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याच्या खिडक्या) देवनागरीची जोडणी नीट करत नाहीत, तेथे तिन्ही रूपे वेगवेगळी दिसू लागतात आणि श्रोत्यांचा गोंधळ होतो, त्यामुळे प्रात्यक्षिक ब्राउझरमधील नोटबुकमध्ये दाखवणे सोयीचे. वेबवरील सुगम्यतेच्या निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे प्रकाश-गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असे म्हटले आहे. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याहूनही अधिक ठेवावे.

एआय साधनाचे थेट प्रात्यक्षिक टाळावे असे माझे ठाम मत आहे. सभागृहातील वायफाय भरवशाचे नसते, सेवेवर मर्यादा येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॉडेल त्या दिवशी वेगळे उत्तर देऊ शकते. ते बरोबर आले तरी आपला मुद्दा अडचणीत येतो आणि चुकीचे आले तरी ती एकाच प्रयत्नाची गोष्ट राहते. आपल्या तक्त्यातील नोंद, तारीख आणि आवृत्तीसह, स्लाइडवर दाखवावी आणि 'पाचपैकी इतक्या वेळा ही चाचणी उत्तीर्ण झाली' असे सांगावे. असे विधान श्रोत्यांना तपासता येते. चाचण्यांचा कोड मात्र थेट चालवावा, कारण त्याला इंटरनेट लागत नाही आणि त्याचे उत्तर बदलत नाही.

प्रश्नोत्तरांत प्रश्न आधी माइकवर पुन्हा म्हणावा, अन्यथा चित्रण पाहणाऱ्यांना केवळ उत्तर ऐकू येते. एखादे साधन चांगले की वाईट असा प्रश्न हमखास येतो. त्यावर मत देण्याऐवजी विचारणाऱ्याचे काम कोणते आहे हे विचारावे आणि त्या कामासाठी कोणत्या दोन-तीन चाचण्या लिहाव्या लागतील ते सुचवावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून प्रश्न लिहून घ्यावा. विचारणाऱ्याला नंतर चहाच्या वेळी गाठावे, कारण परिषदेतले बरेचसे शिक्षण सभागृहाबाहेर, व्हरांड्यात होते. दुसऱ्यांच्या व्याख्यानांना बसतानाही सगळी सत्रे भरून काढण्याचा अट्टाहास करू नये. दिवसात तीन ऐकावीत आणि प्रत्येकाविषयी बोलणाऱ्याला एक नेमका प्रश्न विचारावा.

परत आल्यावर आठवडाभरात चाचण्या, तक्ता आणि स्लाइड खुल्या परवान्यासह रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या ऑनलाइन जागेत) ठेवाव्यात आणि चालवण्याच्या सूचना मराठी व इंग्रजी दोन्हींत लिहाव्यात. ज्या महाविद्यालयात तास घेतला त्या शिक्षकांना दुवा पाठवावा, म्हणजे पुढच्या तुकडीला तो तास तेच घेऊ शकतील. नवे मॉडेल किंवा युनिकोडची नवी आवृत्ती आली की तोच संच पुन्हा चालवावा. अशा वेळी जुना रकाना पुसू नये, त्याच्या शेजारी तारखेसह नवा रकाना जोडावा.